बारा गुण वजा

६ मार्च

चि. चौकट्या,

फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागे कोणीतरी तुझ्यापुढे फायली आदळत असतं, म्हणून लिहायला बसले. तू सुचवलंस तसा तुझ्या मामांसाठी घरी येणाऱ्या मदतनीसाचा अर्ज केला होता. मंगळवारी तुमच्या आरोग्य कार्यालयाची नर्स पाहणीला येऊन गेली. पाहणी उत्तम झाली.

मी एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका होते आणि एकाही तपासणीत वाईट शेरा घेतला नाही, हे तुला ठाऊक आहे. तयारी आदल्या आठवड्यात करायची असते, आदल्या दिवशी नाही. रविवारी पडदे धुतले. सोमवारी मामांची दाढी केली, नखं काढली. पलंगाशेजारची कमोडची खुर्ची शेजारणीकडे नेऊन ठेवली. वरच्या मजल्यावरचे आजोबा गेल्या वर्षी वृद्धांच्या संस्थेत राहायला गेले, त्यांचीच ती खुर्ची, भारी जड आहे. चाकाची खुर्ची जिन्याखाली ढकलली. मंगळवारी सकाळी निळ्या काठाची नवी चादर घातली, कोपरे ताणून आत खोचले, मामांना खिडकीशी बसवलं आणि उजव्या हातावर शाल टाकली. तो हात हलत नाही हे बघणाऱ्याला कळायचं कारण नाही.

प्रश्नांची उजळणीही झाली होती. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते सावकाश बोलतात, पण शब्द स्पष्ट असतात. आंघोळ? 'स्वतः करतो.' जेवण? 'स्वतः.' जिना? 'हळूहळू.' नर्सबाईंनी जवळजवळ त्याच क्रमाने विचारलं आणि एकही उत्तर चुकलं नाही. जाताना म्हणाल्या, 'किती छान ठेवलंय हो सगळं.' त्या गेल्यावर मामा चार वाजेपर्यंत झोपले.

शाळेचंही असंच असे. चांगला शेरा मिळाला की वाढीव शिक्षक मंजूर व्हायचा. तेव्हा मदतनीस येणार असं धरून चालते. तिला काय काय सांगायचं याची यादी करते आहे.

तुझी आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोक्याला हात लावला.

आमच्या फॉर्मवर गुण मिळतात ते न जमण्याचे. आंघोळ स्वतः जमत नसेल तर सहा गुण, दुसऱ्याने धरून उठवावं लागत असेल तर आठ. बेरीज पंचवीसच्या वर गेली तर मदतनीस मिळतो. तू मामांना नापास होण्याच्या परीक्षेत पहिला नंबर काढून दिलास.

हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण लोक पाहणीची तयारी करतील हे आम्ही फॉर्म तयार करताना धरलंच नव्हतं. आम्ही चौघं सात महिने त्यावर बसलो होतो. माणसं जादा मागतील ही भीती आम्हाला होती आणि तिच्यासाठी चार प्रश्न उलटसुलट करून विचारले आहेत. जी माणसं कमी मागतील त्यांच्यासाठी एकही नाही.

निकाल आला की आकडा कळव. मामा कसे आहेत? नर्ससमोर कसे होते ते कळलं, एरवी कसे आहेत ते लिही.

चौकट्या


१९ मार्च

चौकट्या,

निकाल आला. पाच गुण. 'गरज: अल्प. एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येईल.' खाली गोल शिक्का.

उजळणी केली त्याची शिक्षा मला कबूल आहे. पण कागदावर हिशेब दिलाय, वय आणि आजार यांचे सतरा, उणे बारा. हे बारा कशाचे म्हणून मागच्या बाजूची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. 'घरात काळजी घेणारी सुदृढ व्यक्ती असल्यास बारा गुण वजा.' ती व्यक्ती म्हणजे मी. नर्सबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, चहात साखर किती घालता. मी सुदृढ आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं? दार उघडायला मी उभी होते त्यावरून?

लहानपणी तू आमच्या भिंतीवर पेन्सिलीने चौकटी आखायचास. माझ्या आईने तुला ओरडायला घेतलं की मीच म्हणायचे, राहू दे, हुशार आहे. हे बारा गुण कोणत्या हुशाराच्या डोक्यातून निघाले ते मला कळव. मी त्याला पत्र लिहीन.

मामा एरवी कसे आहेत, असं तू विचारलंस. बरे आहेत. एके काळी घड्याळांत दोन केसांएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवणारा माणूस आता सदऱ्याचं बटण बघत बसतो. बटण मी लावते. ते 'थँक यू' म्हणतात. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यातली चाळीस ते असलं काही म्हणाले नव्हते. मला ते अजिबात आवडत नाही.

आत्या


२५ मार्च

प्रिय आत्या,

पत्र लिहायला पत्ता शोधू नकोस. बारा गुणांची कल्पना माझी होती.

त्या वेळी आमच्याकडे पूर्ण विभागासाठी चाळीस मदतनीस होते आणि अर्ज सातशे. एकटी राहणारी माणसं आधी, एवढं सगळ्यांना मान्य होतं. मग 'एकटं नाही' हे आकड्यात कसं मांडायचं असा प्रश्न आला. कोणी म्हणालं दहा, कोणी म्हणालं पंधरा. मी बारा म्हणालो, कारण जेवणाची वेळ झाली होती. 'सुदृढ' हा शब्दही माझाच. तो घातल्यावर मला फार न्याय्य वाटलं होतं. ती सुदृढ आहे की नाही हे कोणी कोणाला विचारायचं, ते लिहायचं राहिलं.

आता कामाचं. साठ दिवसांच्या आत फेरपाहणी मागता येते. तुमची फाइल नात्यामुळे माझ्याकडे येणार नाही, ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे जाईल. त्या कडक आहेत आणि त्यांच्यासमोर माझं काही चालत नाही, हे बरंच आहे. अर्जाबरोबर चौदा दिवसांची नोंदवही जोड. मामांना काय जमतं ते लिहायचं नाही. दिवसभरात कोण काय करतं तेवढंच लिहायचं, वेळेसकट. विशेषणं नकोत.

आणि पुन्हा नर्स येईल तेव्हा घर आहे तसं ठेव. कमोडची खुर्ची शेजारणीकडून परत आण.

चौकट्या


१३ एप्रिल

चौकट्या,

खुर्ची दुसऱ्याच दिवशी आणली होती. तिच्यावाचून एक दिवस निघत नाही.

नोंदवही कार्यालयाला पाठवली. तुला नमुन्याला एक दिवस उतरवून देते. विशेषणं काढून टाकली आहेत. मुलांच्या निबंधातली आयुष्यभर काढली, स्वतःची काढायला जास्त वेळ लागला.

'२ एप्रिल. ५.१० पट्टा बांधला. त्यांना कुशीवर वळवलं, चादर ओली होती, बदलली. ५.३५ पलंगावरून कमोडवर. ५.५५ कमोडवरून चाकाच्या खुर्चीत. दुसऱ्या प्रयत्नात. ६.१५ ते ६.५५ आंघोळ. चेहरा आणि छाती ते डाव्या हाताने धुतात, बाकी मी. ७.१० कपडे. ७.३० चहा, पाव दुधात बुडवून. घास अडकतो म्हणून समोर बसावं लागतं. ८.४० पुन्हा कमोड. ९ ते ९.२० मी पडून राहिले. ९.२० हाताचे व्यायाम, उजवा, वीस वेळा. ११ पुन्हा कमोड. ११.३० बाजारात जायचं होतं, गेले नाही, कारण ते एकटे राहतात तेव्हा घाबरतात. तसं ते म्हणत नाहीत.'

दुपारनंतरचं असंच आहे, उलट्या क्रमाने.

चौदा दिवसांची बेरीज केली. त्यांना मी एकशे सव्वीस वेळा उचललं. मी कधी मोजलं नव्हतं. ती बेरीज बघून मी वही मिटली.

शेवटचं 'ते घाबरतात' हे विशेषण नाही ना?

आत्या


१८ एप्रिल

प्रिय आत्या,

विशेषण नाही. असू दे.

तुझा दिवस मी आमच्या फॉर्मशेजारी ठेवून वाचला. फॉर्ममध्ये 'उठणे-बसणे' ही एक ओळ आहे आणि तिच्यापुढे एक चौकट. तुझ्या वहीत तीच गोष्ट दिवसातून नऊ वेळा येते. मी अकरा वर्षं या खात्यात आहे आणि हा फॉर्म घेऊन एकाही घरात गेलेलो नाही. तुमच्या घरीही झटका आल्यानंतर फक्त एकदा आलो, तेही दोन तास, आणि त्यात तू मला बसवून खायला घातलंस.

एक प्रश्न आहे. '५.१० पट्टा बांधला.' माणसाला उचलताना धरायचा पट्टा असतो, तो रुग्णाच्या कमरेला बांधतात. पण तू पट्टा आधी बांधलास आणि त्यांना मग वळवलंस. पट्टा कोणाचा आहे?

चौकट्या


२४ एप्रिल

चौकट्या,

माझा.

हर्निया आहे, ऑगस्टपासून. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशननंतर सहा आठवडे काही उचलायचं नाही. दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा मीच कळवलं की जमत नाही. सहा आठवडे यांना कोण उचलणार?

मामांना माहीत नाही. पट्टा मी न्हाणीघरात बांधते. त्यांना कळलं तर ते कमोडवर जायलाच नको म्हणतील, पाणी पिणं बंद करतील. त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही. तेव्हा तूही पत्रात यापुढे हा विषय काढू नकोस.

आत्या


२९ एप्रिल

प्रिय आत्या,

विषय काढतो आहे. रागाव.

नियमात 'सुदृढ' लिहिलंय, आणि तू सुदृढ नाहीस. तुझ्या डॉक्टरांची हर्नियाची चिठ्ठी फाइलला लागली की बारा गुण आपोआप वजा व्हायचे थांबतात. तो शब्द मी न्याय्य दिसावं म्हणून घातला होता, एकदा तरी उपयोगी पडू दे. चिठ्ठी आज पोस्टात टाक. ऑपरेशनची तिसरी तारीख घे आणि ती मोडू नकोस.

फेरपाहणी ९ मेला सकाळी दहाला आहे. नर्स तीच. तिला दोष देऊ नकोस, आम्ही एका घराला पस्तीस मिनिटं देतो आणि त्यात जिनाही चढायचा असतो.

मामांपासून हे लपवणं मला पटत नाही. मी काही करणार नाही, पण पटत नाही एवढं लिहून ठेवतो. तुम्ही दोघं एकमेकांना उत्तम शेरे देण्यात वाकबगार आहात.

चौकट्या


१० मे

चौकट्या,

काल नर्सबाई आल्या. घर आहे तसं ठेवलं होतं. सकाळपासून तीन वेळा माझा हात चादरीकडे गेला आणि तीन वेळा मी तो मागे घेतला. सिंकमध्ये भांडी होती. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी, चाकाची दारात, शाल कपाटात. मला निरीक्षकासमोर परकर लोंबत असल्यासारखं वाटत होतं.

नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही जरा आत थांबा, मला यांच्याशी एकट्याशी बोलायचंय. मी स्वयंपाकघरात गेले. मुख्याध्यापिकेला वर्गाबाहेर काढायची ही पहिलीच वेळ. वीस मिनिटं खोलीतून मामांचाच आवाज येत होता. एवढं ते वर्षभरात बोललेले नाहीत. शब्द ऐकू येत नव्हते.

मग नर्सबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, 'पट्टा दाखवा.'

मामांना कळलं होतं. तुझं २९ तारखेचं पत्र मी औषधांच्या डब्याखाली ठेवलं होतं. त्यांचा उजवा हात गेलाय, डोळे गेलेले नाहीत, हे मी विसरले. पत्र वाचून त्यांनी पुन्हा डब्याखाली सरकवलं आणि आठवडाभर चकार शब्द काढला नाही. नर्सबाईंना मात्र सगळं सांगितलं, त्यांनीच मला ते शब्दशः ऐकवलं. 'मला काही जमत नाही. ती उचलते. तिच्या पोटाला पट्टा आहे. विचारलंत तर नाही म्हणेल, म्हणून विचारू नका, बघा.'

मी स्टुलावर बसले आणि रडले. झटका आला त्या दिवशीही रडले नव्हते, तेव्हा कामं होती. गॅसवर दूध उतू जात होतं, ते नर्सबाईंनी बंद केलं. मग त्या माझ्यासमोर पिंपावर बसल्या आणि मला प्रश्न विचारले. किती वाजता उठता, कुठे दुखतं, शेवटचं बाहेर कधी गेलात. शेवटच्या प्रश्नाला मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटत गेले.

तुझ्यावर रागवायचं होतं, ते राहून गेलं.

आत्या


२२ मे

प्रिय आत्या,

निकाल पोस्टात आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काल सही झाल्यावर मला आकडा दाखवला. एकेचाळीस. वजा काही नाही. मदतनीस सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन, रोज. तुझ्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे पूर्ण दिवस. त्या बाई तुझी नोंदवही घरी घेऊन गेल्या होत्या. परत देताना 'अक्षर सुंदर आहे' एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून हे खूप झालं.

फॉर्मबद्दल: मी समितीपुढे टिपण ठेवलं. बारा गुण काढून टाका, असं माझं म्हणणं होतं. ते कोणाला मान्य नव्हतं, मदतनीस अजून चाळीसच आहेत. एवढं मिळालं की गुण वजा करण्याआधी घरातल्या काळजी घेणाऱ्या माणसाला वेगळ्या खोलीत विचारायचं, आणि त्याचं उत्तर लिहायला मी एक चौकट आखायची. बैठक चाळीस मिनिटं चालली, त्यातली तीस चहा कोणत्या टेबलावर ठेवायचा यावर गेली.

पुढचं मामांसाठी आहे, त्यांना वाचून दाखव. म्हणजे ते स्वतः वाचतीलच.

मामा, तीन महिने आम्ही तुमच्याबद्दल एकमेकांना पत्रं लिहितोय. तुम्हाला कोणी विचारलंच नाही. तुम्हाला काय हवंय? फॉर्ममध्ये ही ओळ नाही, म्हणून इथे विचारतो. जुलैत मी येतोय, दोन तासांसाठी नाही.

चौकट्या


१६ जून

चौकट्या,

डाव्या हाताने लिहितोय. तीन दिवस लागले. अक्षर आत्याला दाखवू नकोस.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले अजून महिनाभर थांबला असतात तर अवघड होतं. ती बरी आहे. शुद्धीवर येताच मदतनीस बाई वेळेवर आल्या का ते विचारलं. आल्या. सातच्या ठोक्याला.

त्या माझी आंघोळ पंचवीस मिनिटांत उरकतात. तुझ्या आत्याला चाळीस लागायची. मध्येच थांबायची. मला वाटायचं दमली असेल.

एक सांगायचं आहे. मार्चमधली उजळणी तिची नव्हती. माझी होती. वरच्या आजोबांकडे नर्स आली, फॉर्म भरला, दोन महिन्यांत त्यांना संस्थेत नेलं. जाताना ते जिन्यात रडत होते. मला वाटलं, ज्याला काही जमत नाही त्याला नेतात. मी तिला म्हणालो, खुर्ची लपव. हात झाक. प्रश्न विचार, मी पाठ करतो. तुला तिने शाळेच्या गमती लिहिल्या. माझी भीती तिने स्वतःच्या नावावर घेतली.

मे महिन्यात नर्सबाईंना मी आधी विचारलं, खरं सांगितलं तर मला नेणार का. त्या म्हणाल्या, नाही, ते आजोबा एकटे होते, तुम्हाला घरीच मदत द्यायची म्हणून मी आले आहे. मग सगळं सांगितलं.

काय हवं, असं तू विचारलंस. हे हवं. तुझ्या फॉर्मवर पहिली ओळ ही घाल, की कोणाला नेणार नाही. मग बाकीचं विचारा.

ती शुक्रवारी घरी येते. मदतनीस बाईंना निळ्या काठाची चादर काढून ठेवायला सांगितली आहे. तिच्या पलंगावर घालायची. एक कोपरा मी ओढणार.

मामा